छत्री मी सोडली, फोटो तू काढलास

अगं, दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा शिवेना.

सकाळी रामकुंडावर पिंड मांडून आम्ही सगळे ताटकळत उभे. वरून भुरभुर चालू. समोरच्या भिंतीवर चार कावळे ओळीनं बसलेले, माना वाकड्या करून पिंडाकडे बघतायत, पण खाली उतरायचं नाव नाही. गुरुजी म्हणाले, "बाईंच्या मनात काहीतरी राहिलंय. ज्याला जे कबूल करायचं ते करा." सिन्नरहून तुझा भाऊ आला होता. त्यानं हात जोडले, "अक्के, दाजींच्या जेवणाखाण्याचा घोर लावून घेऊ नको, आम्ही बघतो." कावळे ढिम्म. तुझी वहिनी म्हणाली, "तुमच्या तुळशीला पाणी घालायला मी येत जाईन." ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुला ठाऊक आहे, माझा या कावळ्यांवर काडीचाही विश्वास नाही. रामकुंडावर त्यांना दिवसाला वीस-वीस पिंड, पोटं तुडुंब, ते कशाला खाली येतील? पण तुझा भाऊ असा बघत होता की जसं काही मीच काहीतरी दाबून ठेवलंय. मग मनात म्हटलं, 'बरं बाई, तो छोटा जर्मन कॅमेरा घेत नाही, झालं?' काही नाही. 'छत्री सोडली ती चूक माझी.' एक कावळा जरा हलला, पंख झाडले, पुन्हा बसला. आता एकच गोष्ट उरली होती. डोळे मिटले आणि म्हटलं, 'फोटोवर तुझं नाव घालतो.' आणि तो मेला असा झेपावला की गुरुजींचं पंचपात्र लवंडलं!

"काय कबूल केलंत?" गुरुजींनी विचारलं. मी बावळटासारखा बोलून गेलो, "छत्रीचं होतं जरा." "मग बाराव्याला छत्रीदान करा," ते म्हणाले. केलं. चांगली लांब दांड्याची, नवी कोरी. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढी चांगली कशाला, घरातली दुरुस्त करून दिली असती तरी चाललं असतं.

पण नावाचं कबूल केलंय ते छत्रीसारखं दुकानातून आणून देता येत नाही. देवळालीच्या फटफटी क्लबानं नवा हॉल बांधलाय आणि तिथल्या भिंतीवर लावायला तो फोटो मागितलाय, तीन फूट रुंद. येत्या रविवारी पोचवायचाय. पावसाळी शर्यतीचा तोच, चार वर्षांपूर्वीचा. सगळं नाशिक तो माझा म्हणून ओळखतं. काढलास तू. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि आता त्या कावळ्याला ठाऊक. ज्या काचेवर तो फोटो उमटलाय ती गेले तीन दिवस समोर ठेवून बसलोय आणि हात पुढे जात नाही. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं. आयुष्यभर तेच करत आलोय.

आठवतं, पहिल्या वर्षी शर्यतीला मी एकटाच गेलो होतो? लाकडी मोठा कॅमेरा, तीन पायांचा स्टँड, डोक्यावर घ्यायचं काळं फडकं, सगळं टांग्यात घालून. लग्नाचे आणि मुंजीचे फोटो काढणारा माणूस मी. पडद्यासमोर बसवलं, हलू नका म्हटलं, की झालं. फटफटीला हलू नका कसं म्हणणार? त्यात देवळालीची ती काळी माती. पावसात ती चाकांना अशी धरते की गाडी पुढे आणि माणूस मागे. गोरे सोल्जर, बंगल्यांतली पारशी पोरं, आणि नाशिकचा म्हणून एकटा आपला गफूर, तीन मोडक्या फटफट्यांची एक करून आलेला. बारा काचा घेऊन गेलो होतो. घरी येऊन धुतल्या, तर अकरांवर नुसतं पाणी आणि बारावीवर एक मागचं चाक. तू ती काच दिव्यासमोर धरलीस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालीस, "अहो, शर्यत होती का पूर?"

मी चिडलो. चिडणं हा माझा धर्मच. म्हटलं, एवढं कळतं तर चल पुढच्या वर्षी. मला वाटलं लाजशील, नाही म्हणशील. तू म्हणालीस, "चला."

आणि काय तयारी केलीस, बाप रे! जुन्या धुवट लुगड्याचे हातभर तुकडे केलेस, भिंग पुसायला. मी रुमालानं पुसायचो तर तू हातावर चापट मारलीस, खळ असते त्यात, ओरखडे पडतील म्हणून. मेणकापडाचं अंगडं शिवलंस कॅमेऱ्याला, दोन बाह्यांचं, त्यातून माझे हात आत जायचे. मी म्हटलं, हा आपला पहिला बाळंतविडा. पत्रेवाल्याकडून भिंगापुढे बसेल अशी एक आखूड नळी करून आणलीस, आतून काजळी फासलीस. वाऱ्याचा पाऊस तिरपा येतो तो भिंगावर पडायचा थांबला. आणि तांदूळ! भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून कॅमेऱ्याच्या पेटीत. ओल शोषतात म्हणे. मी खो खो हसलो. त्या वर्षी सगळ्यांच्या कॅमेऱ्यांच्या कातडी भात्यांना बुरशी आली, मुंबईहून आलेल्या त्या कोटवाल्या फोटोग्राफरच्यासुद्धा. आपल्या नाही. पण मी 'बरोबर होतं तुझं' असं म्हटलं नाही. आता म्हणतो. बरोबर होतं तुझं.

एक तर मला अजून पटत नाही, पण खरं आहे. टांग्यातून उतरल्याबरोबर कॅमेरा पेटीतून बाहेर काढून तू पाव तास नुसता झाडाखाली धरून बसायचीस. मी म्हणायचो, अगं लवकर, पहिली फेरी सुटली. तू म्हणायचीस, "त्याला आधी बाहेरची हवा मानवू दे. एकदम काढला की डोळ्यावर वाफ धरतो." शाळा तुझी चौथीपर्यंत. हे कुठून कळलं विचारलं तर म्हणालीस, "गार अंगणातून स्वयंपाकघरात आलं की तुमच्या चष्म्याचं काय होतं?"

आणि ते मुंबईचं दुकान. त्या माणसाला अजून झोप लागत नसेल. मी महिनाभर त्या छोट्या जर्मन कॅमेऱ्याचा कॅटलॉग उशाशी घेऊन झोपत होतो. तळहातात मावतो, फिल्मच्या एका रिळात छत्तीस फोटो, काचा बदलायची भानगड नाही. दुकानदारानं मखमलीवर ठेवून दाखवला. मी हात लावायला धजेना. तू म्हणालीस, "भाऊ, एक पेलाभर पाणी मिळेल का?" त्याला वाटलं बाईला तहान लागली. पाणी आलं, तू त्यात चारही बोटं बुडवलीस आणि त्या ओल्या हातानं कॅमेऱ्याचं चाक फिरवायला लागलीस! सटकत होतं. मग बघायच्या त्या इवल्याशा काचेवर तोंडानं 'हा' केलंस, ती पांढरी झाली, आणि मला म्हणालीस, "बघा आता यातून गफूरभाई दिसतात का." दुकानदारानं कॅमेरा असा हिसकावून घेतला की विचारू नको.

तूच मग कोपऱ्यातल्या फळीवरचा तो जुना उचललास. हातात धरून काढायचा, पण काचेचा. वर बघायला तारेची एक साधी चौकट. "या चौकटीला काच नाहीच," म्हणालीस, "मग धुकं बसणार कशावर?" मी केवढा वाद घातला. म्हटलं, हा ठोकळा आहे, एका वेळी एक काच, एक संधी. छत्तीस कुठे आणि एक कुठे! तू म्हणालीस, "छत्तीस असले की छत्तीस वेळा चुकाल. एकच असला की नीट बघाल." परतीच्या गाडीत इगतपुरीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. इगतपुरीला वडे घेतले, तेव्हा बोलावं लागलं.

हा वाद मात्र मिटलेला नाही हं. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस असं होत नाही. आता त्या छोट्या कॅमेऱ्यालाही वर लावायची तारेची चौकट मिळते, परवा वाचलं. कावळ्याला मी ते कबूल केलं होतं खरं, पण तेव्हा तो खाली उतरला नाही, तेव्हा ते धरायचं नाही. बघू.

तर 'सोडा'ची गोष्ट. ती लिहून ठेवायलाच हवी, कारण गफूर ती सांगताना वाट्टेल ते घालतो. मी शटर 'दाबायचो'. इतक्या जोरानं की सगळा कॅमेरा हलायचा. तू एकदा वैतागून म्हणालीस, "दाबू नका हो, सोडा. श्वास सोडा, बोट सोडा." तेव्हापासून ती आपली रीत. वळणावर चुना लावलेला एक दगड ठेवायचा. मी चौकटीतून गाडीबरोबर कमरेतून वळत यायचं, तू छत्री धरून दगडावर नजर ठेवायची, आणि चाक दगडाशी आलं की तू ओरडायचीस, "सोडा!" तुझा तो आवाज सगळ्या देवळालीला ठाऊक झाला. सोल्जर एकमेकांना 'सोडा, सोडा' करून चिडवायचे. त्यांना वाटायचं बाई सोडावॉटर विकते.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. माझ्या चष्म्यावरून पन्हाळी. पुसला की भरला, पुसला की भरला. शेवटची फेरी, गफूर पहिला, त्याच्या मागे हातभर अंतरावर तो लाल मिशांचा सोल्जर. पिशवीत एकच काच राहिलेली. मी रडकुंडीला आलो होतो, अगदी खरं सांगतो. तू छत्री माझ्या हातात दिलीस आणि कॅमेरा माझ्या हातातून घेतलास. विचारलंसुद्धा नाहीस. पदर खोचलास, कासोटा आवळलास, आणि चिखलात पाय रोवून उभी राहिलीस. म्हणालीस, "दगडाकडे बघा आणि तुम्ही म्हणा."

मी काय म्हणणार? मला दगडच दिसेना. फटफटीचा आवाज आला, वाढला, अंगावर आला. तू जात्यावर बसल्यावर वळतेस तशी कमरेतून वळत आलीस. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तूच ओरडलीस, "सोडा!"

मी आज्ञाधारक नवरा. हातात सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सोडली.

छत्री गेली वाऱ्यावर, थेट रस्त्याच्या मधोमध, उलटी होऊन गफूरच्या डोक्यावरून, आणि तेवढ्यात तुझं बोट सुटलं. गफूर खाली वाकला आणि निघून गेला. मागच्या सोल्जरनं जो पाय टेकला तो चिखलात बसकणच मारली. वाटलं, मेला माझ्या हातून एक माणूस. तो उठला, तोंडावरचा चिखल पुसला, मला दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि मग पोट धरून हसायला लागला. तू ढुंकूनही बघितलं नाहीस. तू काच अंगड्यात गुंडाळत होतीस.

घरापर्यंत टांग्यात भिजत भांडलो. "तुम्हाला छत्री सोडा म्हणून कोणी सांगितलं?" "तूच!" "मी माझी मला म्हटलं." "स्वतःला कोणी 'सोडा' म्हणतं का? स्वतःला 'सोड' म्हणतात. स्वतःला अहो-जाहो तू कधीपासून करायला लागलीस?" तू जराही न अडखळता म्हणालीस, "हातात कॅमेरा असला की मान द्यावा लागतो." टांगेवाला इतका हसला की घोडं थांबलं.

ती काच धुतलीस तू. लाल दिव्यात मी तुझ्या खांद्यावरून बघत होतो. आधी छत्री उमटली. मग चिखलाचा तो उडालेला पडदा, एकेक थेंब वेगळा. मग गफूर, आडवा झालेला, वर बघणारा, तोंडाचा आ. मागे सोल्जरचा टेकलेला पाय. आणि अगदी उजव्या कडेला, वर उचललेला, रिकामा, अजून छत्रीच धरल्यासारखा एक हात. माझा. आपण दोघं हसून हसून तिथेच खाली बसलो. तेवढं सुख मला पुन्हा कधी झालं नाही.

आणि आता ते, जे मी तुला कधी बोललो नाही.

मुंबईच्या साप्ताहिकाला फोटो पाठवताना मी तो हात कापला. कडेची दोन बोटं रुंदी, सरळ पट्टी लावून. तू मागे पाट्यावर चटणी वाटत होतीस. ज्याचा हात फोटोत आहे त्यानं फोटो काढला कसा, असं कोणी विचारलं असतं. फोटो छापून आला, खाली माझं नाव. कलेक्टर कचेरीतले लोक आपल्या फोटोच्या दुकानात येऊन हात मिळवून गेले. तू सगळ्यांना चहा केलास. आणि मूळ काचेवर कोपऱ्यात दुकानाचं म्हणून माझं नाव घातलंस, तेही तूच, उलट्या अक्षरांत, कारण काचेवर उलटं लिहिलं की कागदावर सुलटं येतं आणि ती कला घरात तुलाच होती. स्वतःच्या फोटोवर माझं नाव उलटं लिहिताना तुझा हात जराही हलला नव्हता. मी बघत होतो. आणि म्हणालो काय, तर "अक्षर छान आलंय."

एकदाच विषय निघाला. मी गमतीत म्हटलं होतं, "तुझं नाव घालायचं तरी कुठलं घालू?" कारण आपल्यात नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही चुकतमाकत. पुढं पंधरा वर्षं 'अगं' आणि 'अहो'वर भागलं. त्यात तुझी नावं दोन. सिन्नरला तू गोदावरी, घरात गोदू. माझ्या आईचंही नाव गोदावरीच. सुनेला हाक मारली की सासू ओ देणार, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी 'उमा' लिहिलं. मला वाटलं तू 'उमा' म्हणशील, नाहीतर उडवून लावशील. तू शेंगा सोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, "उमा तुमची बायको. ती काचा धुते, चहा करते. तो फोटो गोदूनं काढला. सिन्नरला चिंचेवर चढायची, ती."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, गोदावरी लिहिलं तर लोकांना वाटेल आईनं काढला, सत्तराव्या वर्षी. तूही हसलीस. पण तुझं हसू माझ्याआधी थांबलं. मला ते दिसलं होतं, आणि मी दुसरी शेंग उचलली.

शेवटच्या आठवड्यात, तुला ताप होता तेव्हा, क्लबाचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. तीन फूट म्हटल्यावर तुझे डोळे चमकले. म्हणालीस, "मोठा करा. पण या वेळी काही कापू नका." मी म्हटलं, "नाही गं, गफूरचं नाक पूर्ण येईल." तू माझ्याकडे बघितलंस आणि डोळे मिटलेस. म्हणजे तुला ठाऊक होतं! मला वाटायचं, साप्ताहिकवाल्यांनीच कड कापली असं तू समजतेस. चार वर्षं ठाऊक होतं तुला, त्या पट्टीचं, त्या दोन बोटांचं. आणि एका शब्दानं टोचलं नाहीस. भांडायला काय झालं होतं? तांदळावरून भांडलीस, रुमालावरून भांडलीस, यावरून भांडायची नाहीस? मी हरलो असतो गं. तुझ्याशी हरायची मला सवय होती.

इथपर्यंत बुधवारी लिहिलं आणि उठलो. लिहून झाल्यावर न करायला काही निमित्तच उरलं नाही.

धारदार पात्यानं काचेवरचं माझं नाव खरवडलं. तासभर लागला; तू पक्कं लिहिलं होतंस. मग उलट्या अक्षरांचा सराव. आधी पाटीवर लिहिलं, आरशात बघितलं, तर 'दूगो'! मी अक्षरं उलटी काढली होती, पण त्यांची जागा उलटी करायची विसरलो होतो. एकटाच हसलो, आणि मग हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तोंड धुऊन पुन्हा बसलो. पाटी तीनदा पुसली. काचेवर शेवटी आलं ते जरा वाकडं आहे, दूचा उकार घसरलाय. पण वाचता येतं. गोदू. मोठ्यानं म्हणून बघितलं. कोणी ओ दिली नाही, पण जीभ काही झडली नाही.

हात कापला नाही. संबंध काच मोठी केली.

आज रविवार, देवळालीहून आत्ताच आलोय. गफूरनं त्याच्या फटफटीला जोडलेल्या खोक्यातून फोटो नेला, मी मागे त्याला धरून. हॉलमध्ये चार माणसांनी उभा केला. क्लबाचे ते म्हातारे पारशी सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून कडेकडेनं बघत गेले आणि हाताशी थांबले. "अरे बावा, हा हात कोनाचा?"

"माझा," म्हटलं.

"तुझा? मंग फोटो कोनी काढला?" आणि खाली वाकून त्यांनी वाचलं. "गो... दू. हा गोदू कोन? तुझा भाऊ?"

गफूर माझ्याकडे बघायला लागला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, "हा नव्हे साहेब, ही. माझी बायको."

ते ताठ उभे राहिले. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. मग तोंडभर हसले आणि म्हणाले, "चार वरस तू आपल्याला फसवला! आता ऐक. श्रावनात शर्यत हाय, पाऊस पन मोप. या वेळी तुझी गोदू फोटो काढेल. तू छत्री धर, बावा. आनि सोडू नको."

मला सांगायचं होतं. 'साहेब, ती गेली' एवढंच. तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते, "सांगतो तिला."

तर सांगतो, गोदू. श्रावणात शर्यत आहे. फोटो काढायला तुला बोलावलंय. मला छत्री धरायला.